कानबाईच्या दिवशी दोन गोळ्या

त्या साली पावसाने मिरगात तोंड दाखवलं आणि पाय न धुताच परत जाणाऱ्या पाहुण्यासारखा तो निघून गेला. कपाशी वीतभर वर आली आणि तिथंच अडून बसली. दुपारी पानं माना टाकायची, सकाळी जराशी सावरायची. धरणगावच्या बाजूची आमची सगळी शिवारं अशीच. तणाला मात्र पाऊस लागत नाही, फुकटचं खाऊन ते वाढतच असतं. म्हणून बाया रोज निंदायला जात, आणि त्यांच्या ओळीत सगळ्यात पुढे धुरपदाबाई असायची.

धुरपदाबाई माझ्याच भाऊबंदकीतली, गल्लीत समोरच्या घरची. पितांबर पाळण्यात असताना तिचा नवरा गेला. तेव्हापासून ती राबली आणि जेठाणीचं, म्हणजे थोरल्या जावेचं, भिकुबाईचं बोलणं खाऊन राहिली. भिकुबाईची जीभ अशी की मिरची परवडली. श्रावणात घरोघरची कानबाई, आमची खानदेशची देवी, मांडायची वेळ आली की भिकुबाई सगळ्यांसमोर म्हणायची, "धुरपदा, तू मांगे ऱ्हाय. रांडमुंड बाईनी चौरंगले हात नही लावाना." धुरपदाबाई मागे राहायची. चूल सांभाळायची, पुरण वाटायची आणि तिनेच वाटलेल्या पुरणाचा नैवेद्य दारातून बघायची.

उन्हाळ्यात बाजारच्या गावी एक शिबिर भरलं होतं. तिथं तिची लघवी तपासली, साखर निघाली. घाईतल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, "रोज सकाळी एक, साखर-गूळ बंद," एवढं सांगितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. शिबिर संध्याकाळी मोटारीत बसून गेलं ते गेलंच. गोळ्या संपल्या की पितांबर रिकामं पाकीट मेडिकलवाल्याला दाखवायचा आणि तसलंच नवं आणायचा. गोळी लागू पडतेय का, जास्त होतेय का, कुणी विचारलं नाही. धुरपदाबाई मात्र सांगितलं ते इमानाने पाळणारी. दिवस उगवायला बिनसाखरेचा काळा चहा आणि त्याच्याबरोबर गोळी. मग वावर. कपाशीच्या दोन ओळी निंदून झाल्याशिवाय भाकरीची गाठ सोडायची नाही, हा तिचा जुना बाणा.

आषाढ लागता लागता भिकुबाईच्या वावरात ते पहिल्यांदा झालं. दिवस बराच वर आला होता. धुरपदाबाई विळा घेऊन एकदम उभी राहिली. अंग लटलट कापत होतं. तोंडावरून घाम असा ओघळत होता की लुगड्याचा पदर भिजला. नजर कुठंतरी लांब लागलेली.

"काय झायं वं धुरपदा?" भिकुबाईने विचारलं.

"तू कोन शे?" धुरपदाबाई ओरडली. "तू कोन माले इचारनारी?"

आख्ख्या जन्मात तिने जेठाणीला 'तू' म्हटलं नव्हतं. बायांच्या हातातले विळे थांबले. कुणीतरी म्हणालं, "कानबाई उनी! कानबाई उनी तिना आंगमा!" मग एकीने कपाळाला माती लावली, दुसरीने आपल्या फडक्यातला गुळाचा खडा प्रसाद म्हणून तिच्या तोंडात घातला, वरून पाणी पाजलं. थोड्या वेळाने धुरपदाबाई मटकन खाली बसली आणि म्हणाली, "काय झायं? बठ्ठ्या मन्हाकडे काय देखी ऱ्हायन्यात?"

भिकुबाई तिच्या पाया पडली. हे मी ऐकलेलं सांगत नाही. मी शेजारच्या वावरात कोळपं धरून उभा होतो, डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर देवी येतच राहिली. निंदताना, पाण्याचा हंडा आणताना, उपासाच्या दिवशी तर हमखास. लोक विचारू लागले, हरवलेली बकरी कुठं गेली, मुलीला स्थळ कधी येईल, आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, पाऊस कधी येईल. धुरपदाबाई कापत कापत काहीबाही पुटपुटायची आणि गाव त्यातून आपापला अर्थ काढायचं. गावाला अर्थ काढायला कोण शिकवणार! तिला ओट्यावर बसायला घोंगडी मिळू लागली. भाऊबंदकीचे वडीलधारे जीवराम आबा तिला दारापर्यंत पोचवायला येऊ लागले. आणि भिकुबाईच एक दिवस म्हणाली, "यंदा कानबाई धुरपदानाच घर बठाडूत. देवीनीच तिले निवाडी."

धुरपदाबाईला हे सगळं आवडलं. का आवडू नये? जिला सगळं आयुष्य दाराबाहेर उभं केलं, तिला आत बोलावलं तर ती काय नको म्हणेल? तिच्या जागी मी असतो तर मीही नको म्हटलं नसतं.

भीती वाटली ती एकट्या लताला. लता पितांबरची बायको, चोपड्याकडची, केळीच्या बागांच्या गावची. बोलायला कमी, पण डोळे उघडे. देवी आली की सासूचं अंग बर्फासारखं गार पडतं आणि लुगडं पिळून काढण्याइतकं भिजतं, हे कपडे बदलणारीलाच कळतं. एका सकाळी तर सासूला आपल्याच घराचं दार सापडेना. लताने हे नवऱ्याला सांगितलं, पण पितांबर साधा माणूस. "देवीनं काम शे," म्हणाला आणि बैल सोडायला गेला. मग सासूच्या पायाला काचेची जखम झाली त्याचं निमित्त करून लताने दवाखान्याचा हट्ट धरला. गाडी माझी होती, म्हणून मीही गेलो.

शेजारच्या गावी डॉक्टर बिऱ्हाडे नवा आला होता. वडील पाचोऱ्याला रेल्वेत गँगमन, हा शिकून डॉक्टर झालेला. लोक त्याच्यावर जरा नाराजच होते, कारण मागितली तरी सुई देत नसे. सुई देत नाही तो कसला डॉक्टर, असं आमचं मत. दुसरं म्हणजे तो फार प्रश्न विचारायचा. बाकीचे डॉक्टर नाडी धरत, हा आख्खा दिवस धरायचा.

जखम धुऊन झाल्यावर त्याने विचारलं, "अक्का, सकाळी उठल्यापासून काय काय करता, सगळं सांगा."

"काय करसू? चहा लेस, गोयी खास, वावरमा जास."

"आणि भाकरी कधी?"

"भाकर काय पयी जास? काम झायं का खास."

डॉक्टरने काचेच्या नळीत निळं औषध घेऊन तिची लघवी त्यात उकळवली. निळं ते निळंच राहिलं. त्याने नळी आम्हाला उजेडात धरून दाखवली. साखर असती तर रंग हिरवा, पिवळा, विटकरी असा चढत गेला असता, म्हणाला. मग त्याने गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं आणि उलटसुलट करून वाचलं. लताने धीर केला आणि खाली मान घालून अंगात येण्याचं सांगितलं. मला वाटलं, आता हा शिकलेला माणूस हसणार. तो हसला नाही. "घाम येतो? अंग गार पडतं? आणि देवी जाते कशी?"

"गूय दिना का जास," लता म्हणाली.

"अक्का, देवीचं मला कळत नाही, त्याबद्दल मी बोलणार नाही," डॉक्टर म्हणाला. "साखरेचं कळतं. ही गोळी साखर खाली ओढते. पोटात भाकरी नसेल, वरून उन्हात काम, तर ती इतकी खाली ओढते की माणूस भ्रमात जातो. जीवही जातो. आजपासून अर्धी गोळी, आणि तीही भाकरीचा पहिला घास खाल्ल्यावर. भाकरी नाही तर गोळी नाही. म्हणून दाखवा बरं."

त्याने तिच्याकडून ते म्हणून घेतलं. गोळी तिच्याच हाताने मोडायला लावली. मग लताला म्हणाला, "असं पुन्हा झालं तर वाट बघायची नाही. गिळता येतंय तोवर गोड काहीही तोंडात, मग लगेच मला निरोप. आठ दिवसांनी पुन्हा आणा, मी बघतो गोळी चालू ठेवायची की बंद."

मी अनेक डॉक्टर पाहिलेत. दिलेलं औषध पोटात गेल्यावर काय करतं हे बघायला "पुन्हा आणा" म्हणणारा तो पहिला.

परतीच्या वाटेवर धुरपदाबाई गाडीत फणफणत बसली होती. "मन्हा आंगमा कानबाई येस, आनि तो म्हने साखर! देवी का गूयना खडावर जास? तू कसाले बोलनी तठे? तुले सासूना मान देखवत नही का?"

लता रडली नाही. बैलांच्या शेपट्यांकडे बघत राहिली. चार दिवस सासूने अर्धी गोळी घेतली. देवी आली नाही. पाचव्या दिवशी दोन बाया मुद्दाम ओट्यावर येऊन बसल्या, वाट बघून निघून गेल्या. तेव्हापासून धुरपदाबाईने पुन्हा आख्खी गोळी सुरू केली, आणि दवाखान्याचा दिवस आला तेव्हा तिला वावरात फार काम निघालं.

नागपंचमीनंतरचा रविवार उजाडला. कानबाई धुरपदाबाईच्या घरी. रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू दळून झाले होते. चौरंगावर नारळ मांडला, त्याला नथ, डोळे, खण, दागिने चढले. घर भाऊबंदांनी भरलं. रोट आणि नैवेद्य भाऊबंदकीबाहेर जात नाही आणि भाऊबंद जमल्याशिवाय दाखवताही येत नाही, ही आमची रीत. पाचोऱ्याचे लोक यायचे होते आणि त्यांची एसटी वाटेत बंद पडली. नैवेद्य दुपारवर गेला, मग दुपार टळली. धुरपदाबाईने आदल्या दिवसापासून पोटात काही घेतलं नव्हतं. उपाशी राहून ती सगळीकडे फिरत होती, पाटावर बसत होती, लोक पाया पडत होते. तिचं तोंड असं उजळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग ती कापायला लागली.

"कानबाई उनी!" भिकुबाईने हात जोडले. घर ओरडलं. जीवराम आबा पुढे झाले. "माय, पानी कव्हय पडी? कपाशी चालनी माय. सांग."

धुरपदाबाईच्या तोंडून शब्द फुटेना, नुसती लाळ. डोळे वर गेले. घामाने लुगडं भिजलं. लोक म्हणाले, आज देवी भारी आली आहे. लता स्वयंपाकघरातून धावत आली आणि नवऱ्याचा हात धरला. "सकायले गोयी खादी का त्यासनी?"

पितांबर गोंधळला. "दोन खाद्यात. मीच दिन्यात. माय म्हने, आज पुरनपोई शे, खीर शे, गोड खानं शे, ते एक जास्ती खायेल बरी."

आमच्याकडे हे सगळेच करतात. लग्नाला जायचं, बुंदी खायची, म्हणून साखरेची गोळी आधीच दुप्पट. तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. पण पुरणपोळी अजून देवीपुढे होती आणि दोन्ही गोळ्या रिकाम्या पोटात होत्या.

लता चौरंगाकडे वळली आणि तिने खिरीची वाटी उचलली. नैवेद्य दाखवायचा राहिलेला. भिकुबाईने तिचं मनगट पकडलं. "लते! नैवेद्य शे तो! देवीना आंगोदर मानुसना तोंडमा?"

"हात सोडा."

"रोट बाटी! बठ्ठी भाऊबंदकी बुडी!"

"सोडा म्हनस ना! पाप लागी ते माले लागी!" लताने हिसडा दिला. बांगड्या फुटल्या. तिने सासूचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटाने खीर गालाच्या आत सारली. दात बसू लागले होते, खीर हनुवटीवरून गळत होती. कुणीतरी शिव्या देत होतं, कुणीतरी रडत होतं. लता गालाला खीर लावत राहिली. शेवटी घशाची घाटी हलली. तेवढं बघून मी सायकल काढली आणि पाय तुटेस्तोवर मारली.

डॉक्टर बिऱ्हाडे मोटारसायकलवर मला मागे टाकून पुढे पोचला. मी येऊन बघतो तर तो ओट्याखाली बॅग घेऊन उभा. आत कानबाई. तो भाऊबंदकीबाहेरचा, आणि शिवाय त्याची जात सगळ्यांना ठाऊक. दारात उभे राहिलेले लोक जरासे जवळ जवळ सरकले, एवढंच. डॉक्टरला कळलं. "अक्कांना बाहेर आणा," तो म्हणाला, "ओट्यावर उजेड चांगला आहे."

त्याने आमची लाज आमच्यासाठी झाकली. काही जणांना लाज वाटली. सगळ्यांना वाटायला हवी होती.

पितांबरने आईला उचलून ओट्यावर निजवलं. खिरीने ती जराशी शुद्धीवर येऊन पुन्हा खाली गेली होती. डॉक्टरने दंडाची शीर धरून साखरेच्या पाण्याची जाड सुई हळूहळू टोचली. ज्या माणसाला सुई देत नाही म्हणून आम्ही नावं ठेवली, तो सुई देताना आम्ही माना उंचावून बघत होतो. सुई संपायच्या आत धुरपदाबाईने डोळे उघडले.

"उनी! माय उनी!" पितांबर लहान पोरासारखा रडायला लागला.

"अजून जिंकलो नाही," डॉक्टर म्हणाला. "ही गोळी चिवट आहे. एकदा वर आणलं तरी पुन्हा खाली ओढते. मी थांबतो." त्याने खुंटीला बाटली टांगली आणि ओट्याच्या कडेला बसला. बोलता बोलता लताला म्हणाला, "ताई, तुम्ही ती खीर दिली नसती तर मी पोचून काही उपयोग नव्हता. आणि चूक माझीही आहे. मी भाकरी विचारली, काम विचारलं, सण विचारला नाही. उपास कधी, गोडधोड कधी, हे विचारायलाच हवं होतं."

त्याने ते मनावर घेतलं. पुढे दरवर्षी श्रावण लागायच्या आधी तो साखरेच्या एकेका माणसाला बोलावून उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते सांगायचा आणि त्यांच्याकडून म्हणून घ्यायचा. आज आमच्या भागात सणाला जास्तीची गोळी कुणी खात नाही, त्याचं श्रेय त्याचं. तो आता कुठं आहे ठाऊक नाही, पण असेल तिथं माझा त्याला नमस्कार.

रात्री पाचोऱ्याचे लोक पोचले आणि ताजी खीर करून नैवेद्य कसाबसा झाला. डॉक्टर सकाळी उठून गेला तो धुरपदाबाईने भाकरी खाल्लेली बघूनच. तो गेल्यावर मात्र ओट्यासमोर भाऊबंदकी जमली. विसर्जनाला नदीवर निघायचं होतं, वाजंत्रीवाले गल्लीच्या तोंडाशी बसले होते, पण आधी निवाडा.

"देवीना आंगोदर नैवेद्य बाटाडा," भिकुबाई म्हणाली. "देवी आंगमा व्हती, तिना तोंडमा बोट घालं. आते पानी पडाव नही. लतेनी बठ्ठासना पाय धरो, आनि हाई घर रोटमातीन काढा."

जीवराम आबांनी मान डोलावली. रोटातून काढणं म्हणजे भाऊबंदकीतून काढणं. पितांबर खाली बघत होता. लता फुटक्या बांगड्यांचे हात पदरात घेऊन पुढे आली आणि वाकली.

"थांब," आतून आवाज आला. धुरपदाबाई दाराची चौकट धरत बाहेर आली. रंग उडालेला. "तू कोनाच पाय नको धरू."

"वहिनी, बसा तुम्ही," आबा म्हणाले. "देवीना कोप..."

"देवी नव्हती, आबा."

गल्लीच्या तोंडाशी बसलेले वाजंत्रीवालेही उठून जवळ आले.

"देवी नव्हती. काल बी नव्हती, वावरमा बी नव्हती. मी उपाशीपोटी गोया खाये, त्यानं हाई व्हये. डॉक्टरनी माले सांगं व्हतं. माले समजनं व्हतं." पुढचं बोलणं तिला जड जात होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. "समजनं तरी मी खात ऱ्हायनू. तुम्ही पाया पडेत ना मन्हा. कोनी कव्हय पडं नव्हतं. माले गोड लागनं."

भिकुबाई पुढे सरकली. "मंग पानीनं तू जे सांगं..."

"पानीनं माले काय माहीत? आभायले इचार." धुरपदाबाई लताकडे वळली. "हाई पोर नसती, ते आज तुम्ही कानबाईना आंगोदर माले नदीवर लई जातात. ज्या मानुसले तुम्ही वटावर बठाडं, तो दिस उगेपावत मन्हा हात धरीसन बठना. रोटमातीन काढनं व्हई ते माले काढा. लतेले कोनी काही बोलानं नही."

जीवराम आबा पुढे आले आणि म्हणाले, "कोनलेच काढानं नही. चाला, उशीर व्हयी ऱ्हायना. कानबाई कोन उचली?"

ठरलं होतं धुरपदाबाईचं नाव. ती म्हणाली, "मन्हा हक व्हता तो देवीना नावखाल व्हता. मी रांडमुंड बाई. लता सवाशीन शे, तिना डोकावर द्या." आणि ती आपणहून मागे गेली, बायांच्याही मागे, जिथं तिला आयुष्यभर उभं केलं होतं तिथं. तिला ते लागलं. तिने पदर ओढून तोंड झाकलं ते उन्हासाठी नव्हे.

आबांनी चौरंग लताच्या डोक्यावर ठेवला. डफ वाजला. लोक चालू लागले आणि थांबले, कारण लता चालत नव्हती.

"चाल ना वं," भिकुबाई म्हणाली. एकदा डोक्यावर घेतलेली कानबाई नदीशिवाय खाली ठेवता येत नाही.

लताची मान ओझ्याने थरथरत होती. ती वळू शकत नव्हती, समोर बघूनच बोलली. "आत्याबाई पुढे चालतीन, तव्हयच मी पाय उचलसू."

डफवाल्याचा हात हवेत राहिला. भिकुबाईने आबांकडे पाहिलं. आबांनी लताकडे, मग गर्दीच्या पार शेवटाकडे पाहिलं. उन्हं चढत होती, लताच्या कानशिलावरून घाम उतरत होता, आणि ती जागची हलली नाही. शेवटी आबांनी टोपी सारखी केली आणि गर्दीला दोन्ही हातांनी बाजूला केलं.

"वहिनी," ते मोठ्याने म्हणाले, "पुढे व्हा. सून खोयंबी ऱ्हायनी."

धुरपदाबाई आली. कुणी तिच्या पाया पडलं नाही, वाट मात्र सगळ्यांनी दिली, भिकुबाईनेसुद्धा. लताच्या समोर येऊन तिने पदराने सुनेच्या कानशिलावरचा घाम पुसला आणि नदीकडे तोंड करून चालायला लागली. तिच्या मागून लताने पाय उचलला.